कमिशनसाहेबांचा मालक

सकाळचा उजेड आमच्या परसात एकदम येत नसे. आधी तो जिनिंग फॅक्टरीच्या धुराड्याच्या टोकाला लागे आणि पुढे जाण्याची परवानगी यायची आहे अशा थाटात तिथेच बराच वेळ थांबून राही. मग फॅक्टरीच्या पत्र्यांवरून घरंगळत कुंपणाच्या तारेवर उतरे. हंगामात उडालेला कापूस त्या तारेला वर्षभर अडकून असायचा; मळून करडा झालेला, कोणाच्याही उपयोगाचा न उरलेला. उजेड लागला की तोच कापूस काही क्षण नव्यासारखा पेटून उठे, आणि जगात टाकाऊ असे काही नसावे असे मला उगीचच वाटे. तारेवरून उजेड निंबाच्या बुंध्यावर आणि बुंध्यावरून आमच्या व शेजारच्या मोरेश्वररावांच्या सामाईक विहिरीच्या काठावर येई. दोराने झिजून काठाला खाचा पडल्या होत्या. उजेड आधी त्या खाचांत भरे आणि मग सांडे. शेवटी तो मोरेश्वररावांच्या मागच्या दाराच्या उंबऱ्याशी पोचे, आणि साधारण त्याच वेळी ते दार उघडून त्यांची मुलगी सुधा रिकामी बादली घेऊन बाहेर येई.

हा शेवटचा तपशील केवळ पूर्णतेसाठी नोंदवला आहे. मी रोज भल्या पहाटे परसात येऊन बसे तो उजेड पाहण्यासाठी. आईलाही मी हेच सांगितले होते. आई म्हणाली, "उजेड समोरच्या अंगणातही येतो, श्रीधर." पण आईला निसर्गाची ओढ कमी.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात याच उजेडात मला तो रोही प्रथम दिसला. तिगावकडच्या जंगलातले पाणी आटले असावे. निळसर राखी अंगाचा, गळ्यावर पांढरा ठिपका असलेला, अंगठ्याएवढ्या शिंगांचा तो नीलगाईचा तरणा नर कुंपणाशी उभा राहून फॅक्टरीतून सांडलेली सरकी खात होता. एवढ्यात सुधा बाहेर आली.

"मास्तर, हलू नका हं," ती हळूच म्हणाली. "घाबरून जाईल तो."

मी कित्येक महिने त्या जागी न हलताच बसत आलो होतो, तेव्हा हे मला अवघड नव्हते. ती आत गेली, रात्रीची ज्वारीची भाकरी घेऊन आली, तिला मिठाचे बोट लावले आणि हात लांब केला. रोह्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि माझ्यापासून कोणताही धोका संभवत नाही अशी खात्री झाल्यावर पुढे येऊन भाकरी घेतली. मला पाहून कोणालाच भीती वाटत नाही. मी पांढुर्ण्याच्या मिडल स्कूलमध्ये सहायक शिक्षक आहे आणि माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे पोचत नाही.

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. भाकरी झाली की गावात फिरायला निघे. कापूस बाजारात थांबे, पोस्टासमोर थांबे, तहसील कचेरीच्या पायरीशी तर बराच वेळ थांबे. जो कोणी जे बोलेल ते मान किंचित कलती ठेवून, डोळे न मिटता, शेवटपर्यंत ऐकून घेई. आमच्या भागाने मुंबईकडे जावे की मध्यप्रदेशात राहावे यावर त्या काळात प्रत्येकाला पुष्कळ बोलायचे होते आणि ऐकणारा कोणीच नव्हता. संत्र्यांचे व्यापारी आणि नगरपालिकेचे सभासद यशवंतराव नागपूरला जाऊन प्रांतरचनेच्या कमिशनपुढे निवेदन देऊन आले होते. त्यांनी रोह्याला पाहिले आणि जागीच थबकले.

"अजी, अगदी असेच पाहून राह्यले होते ते साहेब लोक!" ते म्हणाले. "हा तं कमिशनसाहेबच हाय."

नाव पडले ते पडलेच. कमिशनसाहेब बाजारातून गेल्याशिवाय व्यापारी भाव फोडीनात. परीक्षेची पोरे त्यांचे तोंड पाहून पेपरला जाऊ लागली. मी नागपूरच्या एका साप्ताहिकाला एक छोटे टिपण पाठवले. त्यात बराचसा भाग रोह्याच्या पाठीवर पडणाऱ्या उजेडाविषयी होता. संपादकांनी उजेड काढून टाकला आणि रोही ठेवला. पुढे तर पॅसेंजर गाडी पाणी घ्यायला थांबली की डब्यातले लोक खाली उतरून विचारू लागले, "कमिशनसाहेब कुठे भेटतील?" एका सुशिक्षित गृहस्थाने तर हातात अर्ज आणला होता. रोह्याने तो खाल्ला.

संकट पोळ्याबरोबर जवळ येऊ लागले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. मध्ये जाम नदी, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दोन्ही गावे दिवसभर एकमेकांवर दगड मारतात. ही फार जुनी रीत आहे आणि तिच्यासाठी पोरे पावसाळाभर हात तयार करीत असतात. एका सकाळी रोही आला तो डोळ्याच्या वर दगडाची खोक घेऊन. सुधाने तिच्यावर हळद दाबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मास्तर, तुम्ही शिकलेले. काहीतरी करून पाहा ना."

ती मला मास्तर म्हणे. आमच्या ओळीतल्या बाकी सगळ्या मुली मला श्रीधरभाऊ म्हणत. या गोष्टीला मी कधीच काही महत्त्व दिले नाही; फक्त ती माझ्या लक्षात आली होती.

मी फार मोठे काही योजले नव्हते. एक साधा बोर्ड लावावा: 'या प्राण्यास कृपया दगड मारू नयेत.' एवढीच विनंती घेऊन मी नगरपालिकेत गेलो.

यशवंतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "मास्तर, आपल्या गावात असा बोर्ड? पोयाच्या दुसऱ्या दिवशी लोकायनं मंग का करावं?"

"मी फक्त या प्राण्यापुरते म्हणतो."

"आज जनावरापुरतं म्हणता, उद्या माणसापुरतं म्हणसान."

समिती नेमली गेली. 'दगड' या शब्दाने लोकांच्या भावना दुखावतील म्हणून तो काढला. दगड गेल्यावर 'मारू नयेत' हे उगाच उर्मट वाटू लागले म्हणून तेही काढले. मग भाषेचा प्रश्न आला. राज्य बदलायच्या तोंडावर मराठीत लिहिले तर हट्टी ठरू आणि हिंदीत लिहिले तर हार मानली असे होईल, म्हणून दोन्ही भाषांत लिहायचे ठरले. अखेर बाजारचौकात मोठ्या अक्षरांत बोर्ड लागला, 'या प्राण्यास कृपया', आणि खाली त्याचेच हिंदी. त्यापुढे काय करावे हे प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने कोळशाने लिहिले. खाली माझे नाव होते.

हा बोर्ड सौंसरच्या रेंजरसाहेबांनी वाचला. ते होशंगाबादकडचे, सरळ आणि सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला शाळेत येऊन गाठले.

"मास्टरजी, जंगली जानवर बस्ती में नहीं रह सकता," ते म्हणाले. "मेले में कितनी भीड़ होगी. किसी के पेट में सींग लग गया तो? मेले से पहले इसे तिगाव के जंगल में भेजिए. नहीं तो मुझे बंदूक लानी पड़ेगी."

आम्ही प्रयत्न केला. ढोल वाजवत लोकांनी त्याला तिगावच्या वाटेने पोचवले, निरोपाची भाषणे केली आणि डोळे पुसत परतले. सकाळी उजेड विहिरीच्या काठावर यायच्या आत तो परसात हजर होता. सुधाने त्याच्या मानेला मिठी मारली. मी पहिल्यांदा जागेवरून उठलो. अर्थात बंदुकीच्या विचाराने.

तोड काढली यशवंतरावांनी. रेंजरसाहेबांना चहा पाजून त्यांनी विचारले, "साहेब, जंगली जनावर गावात नाई राहू शकत. पण घरचं राहू शकते ना?"

"बिल्कुल."

"झालं तं मंग! पोयात जे तोरणाखालून गेलं ते घरचं जनावर. आजवर वाघ गेला का कधी तोरणाखालून?"

रेंजरसाहेबांनी पोळा कधी पाहिला नव्हता. ते विचारात पडले. यशवंतरावांनी रीत समजावली: शृंगारलेले बैल तोरणाखालून जातात, मग आधी मालकाच्या दारी जातात, घरची बाई त्यांना पुरणपोळी चारते. रोही हे सगळे बैलासारखे निमूटपणे करील तर तो घरचा. रेंजरसाहेबांनी ते मान्य केले, पण म्हणाले की ते स्वतः तोरणाशी उभे राहतील, बंदुकीसह. गर्दीत उधळला तर त्यांचा इलाज नाही.

"और मालिक कौन?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बोर्डावर माझे नाव होतेच.

इथे एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, जिचा या हकिकतीशी काही संबंध नाही. मोरेश्वरराव तहसिलीत नाझर होते. नव्या रचनेत आमचे गाव मध्यप्रदेशातच राहणार होते; त्यांनी मात्र मुंबई राज्य मागून घेतले होते आणि त्यांची बदली यवतमाळला व्हायची होती. नोव्हेंबर लागायच्या आत सगळे बिऱ्हाड जाणार होते. मला हे कळले तेव्हा मी त्यांचे अभिनंदन केले होते.

सुधा मागच्या ओसरीवर बसून तिच्या आईच्या हिरव्या लुगड्याची झूल शिवत होती. कडेने आरशाचे तुकडे लावणे चालले होते. मी, मालक या नात्याने, मोजमापाची चौकशी करायला गेलो.

"आम्ही गेल्यावर याला मीठ कोण चारेल, मास्तर?"

मी म्हणालो, "वन्य प्राण्यांना क्षार मातीतूनही मिळतात."

सुई थांबली. "आणि तुम्हाला?"

"मला आई वाढते."

ती हसली आणि मग बराच वेळ झुलीवर वाकून राहिली.

"सुई टोचली का?" मी विचारले.

"हो," ती म्हणाली. "टोचली."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झाली. बैलजोडीवाला चिंधू आम्हाला रीत शिकवायला आला होता. त्याने रोह्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळली आणि मला म्हणाला, "आता आवतन द्या, मास्तर. म्हणा: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी म्हणालो.

"मोठ्यानं म्हना जी. त्याले आयकू गेलं पायजे."

मी पुन्हा म्हणालो. दारातून सुधा म्हणाली, "यांचं आवतन कोणालाच ऐकू जात नाही, चिंधूभाऊ." आणि दार लावून घेतले.

पोळ्याच्या दिवशी आखराच्या मैदानावर बैलांच्या रांगा लागल्या. रंगवलेली शिंगे, बाशिंगे, घुंगरमाळा, मध्ये आंब्याच्या पानांचे तोरण, आणि तोरणापलीकडे निंबाच्या सावलीत खांद्याला बंदूक अडकवून रेंजरसाहेब. रोह्याच्या शिंगांना बेगड चिकटवली होती. शिंगे इतकी लहान होती की बेगडच शिंगासारखी दिसत होती. हिरवी झूल मात्र त्याला फार शोभत होती. चिंधूने दोराचे टोक माझ्या मनगटाभोवती गुंडाळून गाठ मारली आणि म्हणाला, "आता सुटनार नाई." त्याचे म्हणणे पुढे अक्षरशः खरे ठरले.

रांग हलली. समोरची जोडी तोरणाखालून गेली. रेंजरसाहेबांनी बंदूक खांद्यावरून काढून हातात घेतली. रोह्याने तोरणाकडे पाहिले, मान कलती केली, नेहमीप्रमाणे सगळ्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखा एकेक पाऊल टाकीत पलीकडे गेला. मी श्वास सोडला. आजवरच्या आयुष्यात मी एवढे यश कधी पाहिले नव्हते.

त्याच क्षणी कोणीतरी झडती, पोळ्याचे गाणे, म्हटली आणि सगळा आखर एका घशाने ओरडला, "हर बोला हर हर महादेव!" ढोल फुटल्यासारखे वाजले. बैलांना ते वर्षानुवर्षांचे पाठ होते. रोह्याचा तो पहिलाच पोळा होता.

तो उधळला, आणि मनगटाला बांधलेला मीही उधळलो. आधी टोपी गेली, मग एक जोडा, मग कासोट्याने मला सोडले. मागे रेंजरसाहेबांचे बूट वाजत होते आणि त्यांचा आवाज येत होता, "हट जाओ! सामने से हट जाओ!" ही सूचना गर्दीला होती, की बंदुकीच्या सोयीसाठी मला, हे कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक दारात बाया आरतीचे ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटले मी घाईत आहे.

"इकडं आना जी मास्तर, कमिशनसाहेबाले!"

"आमची पोयी गरम हाय!"

मी शक्य तितक्या सभ्यपणे नाही म्हणत पुढे गेलो. एकदा मी निंबाला मिठी मारून पाहिली. निंब राहिला, मी गेलो. बाजारचौकात 'या प्राण्यास कृपया' आडवा झाला. पोस्टाच्या वळणावर रेंजरसाहेब थांबून गुडघ्यावर बसलेले मला तिरपे दिसले. बंदुकीची नळी आमच्याकडे होती. मी रोह्याच्या आणि तिच्या मधे आलो. ते शौर्य होते असे गाव आजही मानते. दोर त्याच बाजूला होता, एवढेच मी म्हणेन. गोळी सुटली नाही. रोही बोळात शिरला, परसात आला, विहिरीला वळसा घालून मोरेश्वररावांच्या मागच्या दारातून थेट स्वयंपाकघरात गेला, आणि थांबला.

सुधा चुलीपुढे होती. तिने वर पाहिले. तव्यावरची पोळी उचलली, फुंकर मारून निववली आणि त्याच्यापुढे धरली. तो खाऊ लागला. त्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज हळूहळू बंद झाला. मी दोराच्या दुसऱ्या टोकाला, उंबऱ्यात, आडवा होतो.

दारात सगळा गाव जमला. रेंजरसाहेब धापा टाकीत आले, आत डोकावले आणि त्यांनी बंदूक खाली केली.

"जंगली जानवर किसी के चौके में जाकर खाना नहीं खाता," ते म्हणाले. "लिख देता हूँ, पालतू है. मालिक का घर यही है न?"

मोरेश्वरराव सोवळ्यातच पुढे आले. "छे छे! मी मुंबई राज्याचा नोकर होऊन राहिलो. मध्यप्रदेशातलं जनावर माझ्या नावावर कसं चालेल?"

पलीकडच्या घरच्या देवकाबाईंनी पदर खोचला. गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द त्यांचा असे. "अजी, पोयाचं जनावर पयलं ज्याच्या दारी जाते ते त्याचं घर. दोर मास्तरच्या हातात, आन् घर हे तुमचं. मंग आता का राह्यलं, मोरेश्वरराव? उरकून टाका ना एका मांडवात!"

लोक हसले. सुधा हसली नाही. ती चुलीकडे पाहत राहिली. मोरेश्वररावही हसले नाहीत. त्यांनी मला हात देऊन उठवले, आणि रागावलेल्या नव्हे तर अगदी साध्या आवाजात विचारले, "श्रीधर, तुम्हाला काही म्हणायचं आहे का?"

बाहेर लांबवर ढोल वाजत होता. रेंजरसाहेबांनी लेखणी थांबवली. मी एका हाताने धोतर सावरले, घसा साफ केला आणि म्हणालो, "रोही हा प्राणी दिसायला घोड्यासारखा असला, तरी रवंथ करणारा आहे."

देवकाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. रेंजरसाहेबांनी मालक म्हणून माझे नाव लिहिले. सुधाने दुसरी पोळी तव्यावर टाकली, ती करपली.

तो माझ्याकडे न येता त्या घरात का शिरला, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. घाबरलेले जनावर सर्वांत जवळच्या दारात शिरते, असा निष्कर्ष मी काढला. वाटेतली सगळी दारे उघडी होती, ही गोष्ट मी त्यात धरली नाही. गोटमार झाली; त्याला कोणी दगड मारला नाही. त्याने संत्र्याची कलमे खाल्ली की लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येत, आणि मी मालकाला शोभेल अशा गंभीरपणे खेद व्यक्त करी. रोही राहिला होता. मी जिंकलो होतो.

ऑक्टोबर सरता सरता मोरेश्वररावांचे सामान बैलगाडीत चढले. गाडीमागे रोही आपणहून चालू लागला. मी दोर धरून त्याच्यामागे. कमिशनसाहेब नाझरांना पोचवायला निघाले म्हणून बाजाराने उठून नमस्कार केले. यशवंतरावांनी हार घातला. मोरेश्वररावांनी तो पुरता पाहून घ्यायच्या आत रोह्याने खाल्ला.

इटारसीकडून गाडी आली. सामान चढले. सुधाने माझ्या हातात मिठाची पुडी दिली.

"रोज लावत जा भाकरीला. विसरू नका."

"नाही."

ती पायरीवर उभी राहिली. इंजिनाने वाफ सोडली. "मास्तर, तुम्हाला काही म्हणायचं होतं का?"

माझ्या मनात एक संपूर्ण वाक्य तयार होते. ते मी उन्हाळ्यापासून घडवत आलो होतो आणि त्यात एकही शब्द कमी-जास्त राहिला नव्हता. मी म्हणालो, "खिडकीत बसू नका. कोळसा डोळ्यात जातो."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीतच बसली. गाडी हलली तेव्हा कोळसा गेलाच असावा, कारण ती पदराने डोळे पुसत होती. मी आधीच सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे परसात जाऊन बसलो. उजेड धुराड्याला लागला, पत्र्यांवरून उतरला, तारेवरचा कापूस पेटला, विहिरीच्या खाचा भरल्या. शेवटी तो उंबऱ्याशी आला. दाराला कुलूप होते. रोही आला. मी भाकरीला मीठ लावून हात पुढे केला. त्याने भाकरी हुंगली, माझ्या खांद्यावरून त्या दाराकडे पाहिले, आणि मान किंचित कलती ठेवून बराच वेळ, मी काही बोलेन अशी वाट पाहिल्यासारखा, उभा राहिला. मग कुंपणाच्या कडेकडेने तिगावच्या दिशेने चालू लागला. त्याला कोणी हाकलले नाही. ढोलही वाजला नाही.

गाव अजून मला विचारते, "कमिशनसाहेब कवा येऊन राह्यले, मास्तर?" मी सांगतो की हा ऋतूचा परिणाम आहे. मधे एकदा उशिरा जाग आली तेव्हा ऊन समोरच्या अंगणात पुरते पसरले होते. आई ज्वारी निवडत बसली होती.

"आज उजेड पाहायला नाही गेला का रे?" तिने विचारले.

मी उजेड पाहण्यासाठी कधीच उठत नव्हतो.